दोन डब्यांची चूल आणि अंजर्ल्यातली एक रात्र

पार्श्वभूमी

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस आम्ही चौघं सायकलवर पुण्याहून कोकणात उतरलो. ताम्हिणी घाट, माणगाव, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याच्या जेट्टीवरून खाडीपलीकडे वेश्वी, केळशी, अंजर्ले, दाभोळ-धोपावे फेरी, गुहागर, तवसाळ-जयगड फेरी, मालगुंड आणि शेवट रत्नागिरी. सहा दिवस, पाच मुक्काम. परत येताना रत्नागिरीहून कोकण रेल्वे आणि सायकली पार्सल करून, असा बेत होता.

चौघांची नावं बदलली आहेत. मास्तर म्हणजे एकसष्ट वर्षांचे निवृत्त गणित शिक्षक. सुलभाताई परिचारिका, वीस वर्षांहून जास्त वॉर्डात काढलेली. नंदू एका फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करतो, वय एकोणतीस, हाताला थारा नाही. चौथा मी, माझ्याकडे वही आणि हिशेब. हे सगळं त्या वहीतूनच उतरवतोय.

अडचण

पहाटे साडेपाचला निघायचं तर चहा कोण देणार? एवढीच खरी अडचण होती. कोकणात जेवणाची ददात नाही, दर दोन वाड्यांमागे घरगुती खानावळ आहे. "मग चूल कशाला ओढत न्यायची?" हे मास्तरांनी पहिल्याच बैठकीत विचारलं होतं आणि प्रश्न रास्त होता. पण खानावळीला आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि सायकलवाला संध्याकाळी नक्की कुठे पोचेल हे त्यालाच माहीत नसतं. शिवाय पाचांपैकी तीन मुक्काम तंबूत काढायचे होते. सकाळचा चहा, उपमा किंवा पोहे आणि अडीअडचणीला रात्रीचा खिचडी-भात, इतकं आपल्याला रांधता यावं एवढीच अपेक्षा होती.

समोरचे पर्याय

गॅसचा छोटा डबा आणि त्यावर बसणारा बर्नर हा सरळ मार्ग. तो परतीच्या रेल्वेने बाद केला. ज्वलनशील वस्तू गाडीत नेणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६४ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. सायकलीसोबत पार्सलमध्येही तो चालत नाही. मग उरलेला अर्धा डबा रत्नागिरी स्टेशनबाहेर कोणाच्या गळ्यात मारायचा? नंदू म्हणाला, "गुपचूप पिशवीच्या तळाशी टाकू." सुलभाताईंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

स्पिरिटचा दिवा शीतपेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्यातून सहज होतो. पण स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. विझला असं समजून वरून स्पिरिट ओतलं की भडका उडतो. तेही नको. वातीच्या स्टोव्हचं रॉकेल सांडतं आणि शेवटी प्रश्न रेल्वेचाच येतो.

तीन दगडांच्या चुलीला काही वजन नाही आणि पैसेही पडत नाहीत. पण ती वाऱ्याला उघडी असते, सरपण भरमसाट खाते आणि दुसऱ्याच्या वाडीत काळा डाग ठेवून जाते. भोकं पाडलेला एकच डबा ही तिची सुधारलेली बहीण. अमेरिकेतल्या लॅरी विनिआर्स्की यांनी १९८०च्या दशकात मांडलेली कोपऱ्याच्या नळीसारखी रॉकेट चूल त्याहून चांगली, पण तिच्यात काटकी सतत पुढे सरकवत बसावं लागतं, आणि पत्र्यात केली तर आकारही सायकलच्या पिशवीला झेपत नाही.

उरली दोन डब्यांची चूल. तिचं तत्त्व आपल्याकडे नवीन नाही. ज्यांच्या घरी भुशाची शेगडी होती त्यांना आठवेल, डब्यात मधोमध बाटली उभी करून भोवती लाकडाचा भुसा ठासायचा, बाटली अलगद उपसायची आणि त्या भोकातून हवा वर ओढली जायची. पाण्याचा बंबही हवेच्या त्याच ओढीवर चालतो. फरक इतकाच की दोन डब्यांच्या चुलीत सरपण वरून पेटवतात. आग हळूहळू खाली उतरते, त्या उष्णतेने खालच्या लाकडातून वायू सुटतात, आणि दोन डब्यांमधल्या फटीतून तापत आलेली हवा आतल्या डब्याच्या काठाजवळच्या भोकांतून शिरून तो वायू पेटवते. धूर म्हणजे न जळलेलं सरपण. ही चूल तो धूरच जाळते. खाली कोळसा उरतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने, याच जातीची स्टीलची शेगडी घरगुती वापरासाठी बनवली आहे. म्हणजे कल्पना टिकाऊ होती. आम्हाला फक्त ती डब्यात बसवायची होती.

खाली कोळसा उरतो, हे वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहिलं होतं. पुढे जे झालं ते या वाक्याकडे नीट न पाहिल्यामुळे झालं.

बनवताना

आतल्या डब्यासाठी आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा, साधारण दहा सेंटिमीटर व्यास आणि बारा उंची. बाहेरचा दूध पावडरचा, तेरा व्यास, सोळा उंची. मोठ्या डब्याच्या तळाला, आतला डबा जेमतेम जाईल एवढं गोल कापून तो पालथा घालायचा आणि आतला वरून सोडायचा. आमरसाच्या डब्याच्या काठाला जो जाड गोठ असतो तो त्या भोकाच्या कडेवर अडकतो आणि डबा अधांतरी लटकतो. खाली चार सेंटिमीटर मोकळे राहतात, तिथून हवा. बाहेरच्या डब्याच्या खालच्या बाजूला मोठी भोकं. बस.

पत्रा पातळ, खिळा मारला की डबा चेपतो. त्यावर नंदूची युक्ती: डब्यात पाणी भरून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचं. सकाळी बर्फाने भरलेल्या डब्यावर खिळा ठोकला की भोक स्वच्छ पडतं, पत्रा बसत नाही. हे मात्र घरात कोणाला न सांगता करू नये. नंदूच्या आईने मटार काढायला गेल्यावर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

टोप टेकवायला नंदूने वर्कशॉपमधून जस्ताच्या पत्र्याची पट्टी आणली होती आणि मग स्वतःच ती परत नेली. जस्त ४१९ अंशांना वितळतं, त्याहून तापलं की त्याचा पांढरा धूर होतो. वेल्डिंगवाल्यांना तो धूर माहीत असतो, दिवसभर जस्ती पत्रा जोडला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. "त्यावर दूध पितात पोरं, पण उतरत काही नाही," असं नंदू म्हणाला. तेव्हा पट्टीऐवजी सायकलच्या चाकाच्या तीन जुन्या तारा आडव्या टाकल्या.

पहिली चाचणी गच्चीवर झाली. डब्यांच्या आतला लाखेसारखा थर आणि बाहेरचा रंग जळून जावा म्हणून आधी एकदा रिकामीच पेटवली. घाण वास सुटला, शेजारचे वर येऊन गेले. मग पाऊण लिटर पाणी ठेवलं. उकळायला १९ मिनिटं लागली आणि टोपाचं बूड काळंकुट्ट. धूर तीन दगडांच्या चुलीइतकाच.

इथे पहिला खरा निर्णय होता. नंदूचं म्हणणं, हवा कमी पडतेय, खालची भोकं वाढवू. मास्तरांनी वही मागून घेतली. तळाला ८ मिलिमीटरची २४ भोकं, म्हणजे क्षेत्रफळ साधारण १२०० चौरस मिलिमीटर. वरच्या काठाला ५ मिलिमीटरची १२ भोकं, जेमतेम २३५. "अरे नंद्या, तू धूर तयार करायला पाचपट हवा देतोयस आणि जाळायला एकपट." खालून इतकी हवा आली की सगळं लाकूड एकदम पेटतं, वायू भसाभसा सुटतो आणि वर तो जाळायला हवाच नसते. भोकं वाढवायची नव्हती, उलटी करायची होती.

पाडलेलं भोक बुजवता येत नाही, म्हणून नवा डबा, म्हणजे पुन्हा आमरस. नोव्हेंबरात आठवड्यात दोनदा आमरस-पुरी खाल्लेली आमची बहुधा पहिलीच मोहीम. दुसऱ्या डब्याला तळाशी ६ मिलिमीटरची ९ भोकं, काठाखाली दोन सेंटिमीटरवर त्याच मापाची २०. खाली अडीचशे, वर साडेपाचशेच्या पुढे.

पाणी उकळलं ११ मिनिटांत. धूर जवळपास गेला, काजळी मात्र राहिली. कारण टोप उचलल्यावर कळलं. तारा लाल होऊन वाकल्या होत्या आणि टोप चुलीच्या तोंडाशी दीड सेंटिमीटरवर येऊन बसला होता. थंड बुडाला ज्योत आपटली की ती अर्धवट जळते, उरलेला कार्बन बुडाला चिकटतो. तारा काढून तिसऱ्या एका डब्याची चार सेंटिमीटर उंचीची कडी कापली, बाजूने खिडक्या पाडल्या. तेवढ्याच पाण्याला आता आठ मिनिटं. कडी कापताना पत्र्याची धार माझ्या तळहाताला लागली, दोन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. कापलेली प्रत्येक कड पकडीने दुमडून घ्यायची असते, ती मी नंतर दुमडली.

एकूण वजन ३४० ग्रॅम. खर्च, ड्रिलचं एक पातं आणि दोन आमरस.

एक गोष्ट मात्र आम्ही गच्चीवर केलीच नाही. चाचणीचं सरपण म्हणजे नंदूच्या वर्कशॉपमधल्या पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या, कापून बोटाएवढे तुकडे केलेल्या, वर्षभर पत्र्याखाली वाळलेल्या. लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम लाकूड पुरतं हा आमचा आकडा अशा लाकडाचा होता. आणि दर चाचणीनंतर उरलेले निखारे नंदू गच्चीतल्या बादलीत ओतायचा. बादलीत पाणी असायचं, कारण गच्चीवर बादली असतेच. ते कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

रस्त्यावर

माणगावला लॉजवर राहिलो, चूल बाहेर काढली नाही. हरिहरेश्वरच्या सकाळी पहिला चहा झाला आणि तो उत्तम झाला. चूल भरून वरून कापूर ठेवायचा आणि पेटवायचा. कापराची वडी या कामाला कागदापेक्षा बरी. दोन मिनिटांत काठाच्या वीस भोकांतून निळसर-पिवळ्या वीस जिभा आत वळतात, अगदी गॅसच्या बर्नरसारख्या. जेट्टीवर मासे उतरवणारे दोघं तिघं बघायला थांबले. "ह्यात मासळी भाजते का?" हा त्यांचा प्रश्न. भाजता येईल, पण वास टोपाला राहतो म्हणून आम्ही ठरवून टाळलं होतं.

तिसऱ्या दिवशी वेश्वीहून केळशी, आडे करत संध्याकाळी साडेपाचला अंजर्ल्यात पोचलो. सूर्य सहाला मावळतो. किनाऱ्यावर सुरूची झाडं, खाली सुयांचा आणि फळांचा सडा, वारा मंद. नंदूला तिथेच तंबू ठोकायचा होता.

तिथे दुसरा निर्णय झाला आणि तो मला आजही बरोबर वाटतो. वेळास, केळशी, अंजर्ले या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, हंगाम नोव्हेंबरपासूनच सुरू होतो. रात्री वाळूवर उजेड आणि वावर असला की मादी अंडी न घालताच परत फिरते. पिल्लंही उजेडाकडे वळतात, समुद्राकडे जायची ती वाट चुकतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने वेळासला गावकऱ्यांच्या साथीने जे काम उभं केलं त्यामुळे हे आता किनाऱ्यावरच्या पोराटोरांनाही माहीत आहे. आम्ही किनारा सोडला आणि आत एका नारळ-सुपारीच्या वाडीत विचारलं. घरात एक आजी आणि त्यांचा पुतण्या. आजींनी विहीर दाखवली, तंबूची जागा दाखवली आणि वाळलेली चुडतं, म्हणजे माडाच्या झावळ्या, बाजूला ओढायला लावली. "जाळायचं ते इथे, मोकळ्यात. चुडताला ठिणगी पुरते हो."

वाडीची जमीन पुळणीची, म्हणजे वाळूच. हे लक्षात ठेवावं.

अंजर्ल्याची रात्र

नंदूने सुरूच्या काड्या गोळा करून आणल्या होत्या. हाताला कोरड्या वाटल्या तरी समुद्रकाठच्या हवेत जमिनीवर पडलेली काडी आतून दमटच असते. चूल पेटली, पण धुराने. गच्चीवर आठ मिनिटांत उकळणारं पाणी वीस मिनिटांत नुसतं कोमट झालं. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळवत बसतं, टोपातल्याची पाळी नंतर येते.

आजी पडवीतून बघत होत्या. "सुरूचं काय जाळता? करवंट्या न्या, ढीग पडलाय." पुतण्याने टोपलीभर करवंट्या आणून दिल्या. दगडाने फोडून अंगठ्याएवढे तुकडे केले, चूल रिकामी करून पुन्हा भरली. काय पेटली! करवंटी लाकडाहून घट्ट, तेलकट, ज्योत स्वच्छ आणि कडक. खिचडीला उकळी फुटली. आम्ही खूश. आणि करवंटीचा कोळसा लाकडाच्या कोळशाहून जड असतो, जास्त वेळ धगधगतो, हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

साडेसातच्या सुमारास पावसाचे थेंब आले. अवकाळी सर, फार नव्हे. खिचडी अर्धी शिजलेली. ज्योत एव्हाना संपली होती, चुलीत नुसते लाल निखारे, धुराचा पत्ता नाही. नंदूने चूल चिमट्याने उचलली आणि तंबूच्या पुढच्या झापेखाली, आत घेतली. चेन अर्धी लावली, पाणी आत येत होतं म्हणून. "धूर तर नाहीये," तो म्हणाला. मला ते पटलं. मी आणि सुलभाताई आतच बसलो होतो. मास्तर दुसऱ्या तंबूत पाय पसरून पडले होते.

धूर नसणं म्हणजे धोका नसणं, हे आमचं गृहीतक. खरं उलट आहे. ज्योत असते तेव्हा सुटलेला कार्बन मोनॉक्साइड वरच जळून जातो. ज्योत गेली आणि निखारे उरले की तो जाळायला काहीच नसतं. त्याला रंग नाही, वास नाही. दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेल्यांच्या बातम्या येतात त्या याच वायूच्या. आमचा तंबू तर खोलीच्या दहाव्या हिश्शाएवढा.

दहा-बारा मिनिटांनी सुलभाताई म्हणाल्या, "नंदू, तुझं डोकं दुखतंय का?" तो जांभई देत होता. म्हणाला, दिवसभर सायकल मारलीये ना. त्यांनी पुढे काही विचारलं नाही. टोप उचलून माझ्या हातात दिला, चेन पूर्ण उघडली, चिमट्याने चूल धरली आणि पावसात बाहेर नेऊन ठेवली. आम्हा दोघांना हाताला धरून बाहेर काढलं, भिजत उभं केलं. माझं डोकं जड झालं होतं, ते बाहेर आल्यावर कळलं. "वॉर्डात अशी अख्खी कुटुंबं आलेली पाहिलीत मी," एवढंच बोलल्या.

घाबरलो होतो, म्हणून पुढचं घाईत झालं. चूल पुन्हा आत यायला नको म्हणून नंदूने निखारे तंबूपासून सात-आठ पावलांवर वाळूत ओतले आणि पायाने वाळू लोटून झाकले. विहीर पन्नास पावलांवर होती, बाटल्यांत पिण्यापुरतं पाणी. "वाळू टाकली की विझतं," तो म्हणाला. मी हो म्हटलं. सरही थांबली होती. अंधारात वाळूचा छोटा उंचवटा, दुसरं काही दिसत नव्हतं.

अर्ध्या तासाने मास्तर सायकलींवर प्लास्टिक टाकायला उठले. अनवाणी.

त्यांनी ओरडलंही नाही. "अरे अरे अरे" असं तीनदा म्हणत ते खाली बसले. उजव्या पावलाची टाच आणि चवडा.

नंदू टूथपेस्ट घेऊन धावला. सुलभाताईंनी त्याच्या हातावर फटका मारला, मास्तरांना विहिरीपाशी नेलं आणि घड्याळ लावून वीस मिनिटं पावलावर पाण्याची धार धरायला लावली. नंदू रहाट ओढत होता, मी ओतत होतो. बर्फ नाही, हळद नाही, पेस्ट नाही. नंतर स्वच्छ ओलं फडकं सैलसर गुंडाळलं. आजी कंदील घेऊन आल्या, सगळं ऐकलं आणि नंदूला म्हणाल्या, "अरे, विस्तव झाकला की जपला जातो. विझवायचा तर पाणी घालावं लागतं."

त्यांच्या लहानपणी रात्री चुलीतला निखारा राखेखाली झाकून ठेवायचे, सकाळी फुंकणीने फुंकून त्यावरच चूल पेटायची. काडेपेटी वाचायची. माझ्या आजीनेही हे केलेलं मी ऐकलंय. म्हणजे ही माहिती आम्हा चौघांच्याही घरात कधीतरी होती. वाळू हवा तोडते, पण उष्णता बाहेर जाऊ देत नाही. करवंटीचा निखारा तिच्याखाली तासन्‌तास तग धरतो, वरची वाळू तव्यासारखी तापते आणि दिसायला मात्र नुसती वाळू.

निष्पन्न

सकाळी जवळच्या सरकारी दवाखान्यात पट्टी बांधली. फोड मोठे होते, पण खोल नव्हते. डॉक्टरांनी आठवडाभर बूट घालू नका म्हटलं. अंजर्ल्यातच एक दिवस थांबलो. मग पुढचा प्रश्न: चौघांनी परत फिरायचं की तिघांनी पुढे जायचं? मास्तरांनीच निकाल दिला. नारळ घेऊन रत्नागिरीला निघालेल्या टेम्पोत ते आणि त्यांची सायकल चढले, आम्ही दाभोळ-धोपाव्याने गुहागर गाठलं. त्यांना एकटं पाठवण्याचा मला आजही बोचरा पश्चात्ताप आहे. सुलभाताईंनी टेम्पोत त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. त्या म्हणाल्याही होत्या, पण मास्तरांनी ऐकलं नाही आणि आम्हीही फार आग्रह केला नाही, सगळ्यांनाच पुढचा किनारा बघायचा होता.

गुहागर आणि मालगुंड या दोन्ही मुक्कामी चूल पुन्हा पेटली, सकाळचा चहा आणि पोहे झाले. एकूण आठ वेळा वापरली, त्यांत रडवलं एकदाच, सुरूच्या दमट काड्यांनी. अंजर्ल्याहून निघताना आजींनी करवंट्यांची पिशवी दिली होती. ती रत्नागिरीपर्यंत पुरली. पुढच्या दोन्ही सकाळी निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी, मग काठीने ढवळणं, पुन्हा पाणी आणि शेवटी हाताच्या पाठीने अंदाज घेऊन मगच ते गार कोळसे पिशवीत. हे काम नंदूने कोणाला करू दिलं नाही.

मास्तरांचं पाऊल तीन आठवड्यांत बरं झालं. आता ते घरात चप्पल घालून फिरतात आणि बायकोने विचारलं तर कोकणाचं नाव सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

चुलीत मला फार बदल सुचत नाही. तिची भोकं, कडी, उंची हे सगळं दोन आठवडे घासून बसवलं होतं. चुका झाल्या त्या ती पेटायच्या आधीच्या आणि विझल्यानंतरच्या कामात, आणि या दोन्हींची आम्ही एकदाही चाचणी केली नव्हती. गच्चीवर खोक्यांच्या फळ्यांऐवजी बागेतल्या ओलसर काटक्या जाळून पाहिल्या असत्या तर पहिल्या दहा मिनिटांत कळलं असतं की रोज पाव किलो कोरडं सरपण सोबत ठेवावं लागणार. आता आम्ही ठेवतो, दुपारी उन्हात सायकलच्या कॅरिअरवर पसरून.

बादलीची गोष्ट जास्त खटकते. गच्चीवर निखारे पाण्यात जात होते आणि ती सवय आम्हाला दिसलीच नाही. ती कोणी लिहून ठेवली नाही, म्हणून अंजर्ल्यात सोबत आली नाही. वही माझ्याकडे होती, म्हणजे ही चूक माझी. आता चूल पेटवायच्या आधी दोन लिटर पाणी चुलीजवळ ठेवतो, ते पिण्यासाठी नाही. पाणी नसेल तर चूल नाही, चहा नाही.

पावसात काय करायला हवं होतं? आजींची पडवी वीस पावलांवर होती. तिन्ही बाजूंनी उघडी. विचारलं असतं तर हो म्हणाल्या असत्या, आम्ही संकोचलो. अर्धी शिजलेली खिचडी तशीच गुंडाळून ठेवली असती, तरी पांघरुणात तासाभरात मऊ झाली असती. तंबूची झापही चालेल असं वाटण्यामागे धूर नाही हे एकच कारण होतं आणि तेच कारण चुकीचं होतं. सुलभाताईंना कळलं ते वॉर्डातल्या अनुभवामुळे, आणि आमच्यात तो कोणाकडे नसता तर काय झालं असतं हे मी लिहीत नाही.

एक मुद्दा वादाचा राहिला आहे. नंदूचं म्हणणं, ही चूल डोंगरातही नेता येईल. मला ते मान्य नाही. अभयारण्यात धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवणं किंवा तो तसाच सोडून जाणं याला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मनाई करतो, राखीव जंगलांनाही वन कायद्याची बंधनं आहेत, आणि फेब्रुवारीनंतर सह्याद्रीतलं गवत काडेपेटीसारखं असतं. कोकणातल्या वाडीत मालकाला विचारून, चुडतं झाडून, विहिरीजवळ ती शोभते. हरिश्चंद्रगडावर शोभणार नाही. याचा निकाल अजून लागलेला नाही, दिवाळीत पुन्हा भांडण झालं.

मधल्या काळात आतला डबा गंजला. आमरसाच्या डब्यावरची कथिलाची झिलई २३२ अंशांनाच वितळते, ती पहिल्याच आठवड्यात गेली होती आणि उघड्या पत्र्याला समुद्राची हवा लागली. तळाची नऊ भोकं आता नऊ राहिलेली नाहीत, तीन एकमेकांत मिसळली आहेत. नंदूने बाजारातून चमचे ठेवायचा स्टीलचा भोकांचा स्टँड आणलाय, व्यास बरोबर दहा सेंटिमीटर. मास्तर त्याची भोकं मोजतायत.